ताईंचा ‘चांगला’ पाय आता का थकतो, आणि मदत कुठे शोधायची

एका भावाने आपल्या ताईंबद्दल विचारलं आहे. ताईंचं वय ५२. दीड वर्षाच्या होत्या तेव्हा तापात उजवा पाय गेला. तरी शिकल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाल्या, आणि मांडीवर हात दाबत चालत गेली २८ वर्षं त्यांनी वर्ग सांभाळला. दोन वर्षांपासून डावा पाय, म्हणजे जन्मभर ‘चांगला’ म्हणून राबला तो, दुपारनंतर भरून येतो. शाळेच्या जिन्यावर मध्येच थांबावं लागतं. घरी आल्यावर बोलायचंही त्राण उरत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, वय झालं, वजन कमी करा, रोज चाला. चालायला लागल्यावर त्रास वाढलाच. मग भावाला इंटरनेटवर ‘पोस्ट पोलिओ सिंड्रोम’ हे नाव सापडलं, म्हणजे पोलिओ होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी येणारा नवा अशक्तपणा. पण मराठीत शोधलं की डोस पाजण्याच्या तारखाच येतात. त्यांचे प्रश्न तीन: हे तेच आहे का, जायचं कुणाकडे, आणि अशा माणसांना आधार देणारं कुणी आहे का.

आधी एक सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी २६ वर्षं काम करते, आणि पोलिओ झालेली माणसं माझ्याकडे पहिल्या वर्षापासून येत आहेत. ताईंना न बघता ‘हो, हेच आहे’ असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते माझ्या चांगलंच ओळखीचं आहे, आणि ‘वय झालं’ एवढ्यावर ते मिटवण्यासारखं नाही.

माहिती का सापडत नाही, ते समजलं की शोधायचं कसं तेही कळतं. आपल्याकडे पोलिओची सगळी चर्चा डोसापाशी सुरू होते आणि डोसापाशीच संपते. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झालं, १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला, २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. घरोघर फिरलेल्या आशाताई आणि अंगणवाडी सेविकांचं हे केवढं मोठं काम आहे! पण आजार गेला तशी तो झालेली माणसं गेली नाहीत. सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांना पोलिओ झाला ते आज चाळिशी ते साठीत आहेत. आणि आज ओपीडीत बसलेल्या तरुण डॉक्टरने पोलिओचा ताज्या दुखण्याचा रुग्ण एकदाही पाहिलेला नसतो. अमेरिका-युरोपात पोलिओच्या मोठ्या साथी १९४० आणि ५० च्या दशकांत आल्या, म्हणून तिथले रुग्ण या टप्प्यावर १९८० च्या सुमारास पोचले आणि तेव्हाच तिथे या दुखण्याची चर्चा जोरात सुरू झाली. आपली पाळी आत्ता आली आहे. दुखणं मात्र नवं नाही. पोलिओनंतर कित्येक वर्षांनी आलेल्या अशा अशक्तपणाची नोंद फ्रान्समध्ये १८७५ सालीच झालेली आहे.

आता शरीरात काय होतं ते. स्नायूला हुकूम पोचवणाऱ्या पेशी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असतात, आणि पोलिओचा विषाणू नेमक्या त्याच मारतो. गावात पाच डीपी (विजेचे ट्रान्सफॉर्मर) होत्या आणि तीन जळाल्या असं समजा. उरलेल्या दोन डीपींवरून वायरी ओढून सगळ्या वाडीला वीज दिली. दिवे लागले, मोटारी चालल्या, लोकांना वाटलं भागलं. पण त्या दोन डीपी चाळीस-पन्नास वर्षं दुसऱ्यांचा लोड ओढत राहिल्या, आणि आता एकेक वायर सुटायला लागली आहे. वाचलेल्या पेशींनी नवे फाटे फोडून, वाऱ्यावर पडलेल्या स्नायूतंतूंना जोडून घेतलेलं असतं. लहानपणी ताईंची ताकद थोडीफार परत आली ती त्यामुळेच. तो जास्तीचा पसारा टिकवणं त्या पेशींना उतारवयात जमेनासं होतं.

डावा पायही बहुधा पूर्ण सुटलेला नसतो. एखाद्या स्नायूच्या निम्म्याच्या आसपास पेशी गेल्या तरी तो वरवर ठणठणीत दिसू शकतो. त्यात या पायाने उजव्याच्या वाटणीचंही काम केलं. त्यामुळे ‘चांगल्या पायाला काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा असं असतं की तो पाय आपण समजत होतो तितका चांगला कधीच नव्हता.

एक गोष्ट घरात सगळ्यांना स्पष्ट सांगा. विषाणू परत आलेला नाही, आणि हे कुणाला लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका आजीने ‘पोलिओ पुन्हा उलटला’ असं ऐकून महिनाभर नातवाला मांडीवर घेतलं नव्हतं. कुणीतरी दोन मिनिटं काढून समजावलं असतं तर तो महिना वाया गेला नसता.

हे पोस्ट पोलिओच आहे असं कधी म्हणायचं? पूर्वी पोलिओ झाल्याची खात्री हवी. त्यानंतर काही सुधारणा, आणि मग निदान १५ वर्षं स्थिर गेलेली हवीत. मग नवा अशक्तपणा किंवा स्नायू लवकर थकणं, बहुतेक हळूहळू आलेलं आणि वर्षभर तरी टिकलेलं. आणि शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची: दुसरं काही कारण नको. पोलिओ झालेल्या दर १०० जणांत साधारण २५ ते ४० जणांना हे होतं असा अंदाज दिला जातो, म्हणजे उरलेल्यांच्या थकव्याचं कारण वेगळंच असतं. रक्त कमी असणं, थायरॉइड, साखर, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता, मणक्यात दबलेली नस, कुबडी किंवा काठीवर भार देऊन मनगटात दबलेली नस, झोपेत श्वास अडकणं, मनाची उदासी. यातली बरीचशी दुखणी उपचाराने सुधारतात, म्हणून ती आधी शोधायची. पोस्ट पोलिओ सिद्ध करणारी एकच एक रक्ततपासणी किंवा एमआरआय नसतो. ईएमजी, म्हणजे स्नायूंमधल्या विजेच्या संदेशांची तपासणी, केली तर जुन्या पोलिओच्या खुणा दिसतात. पण आजचा थकवा त्यामुळेच आहे हे एकट्या ईएमजीवरून ठरत नाही.

‘तापात पाय गेला’ असं तुम्ही लिहिलंय. त्या तापात कंबरेला सुई दिली होती का, ते आईला किंवा मावशीला विचारून घ्या. ‘सुई दिली नि पाय गेला’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. त्यात दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असू शकतात. विषाणू शरीरात असताना दिलेल्या इंजेक्शनमुळे त्या पायाचा पोलिओ बळावतो, ही एक. सुई थेट नसेत लागून ती नस कायमची दुखावते, ही दुसरी. पोलिओत ताकद जाते पण स्पर्श शाबूत राहतो; नस दुखावली असेल तर पायाचा काही भाग बधिर असतो. ताईंच्या पावलावर कापसाचा बोळा फिरवून बघितलं तरी अंदाज येतो. निदान अर्थातच डॉक्टरांनी करायचं, पण ही हकीकत तुम्ही सांगितली नाही तर त्यांना कळणार कुठून?

म्हणून डॉक्टरकडे जाण्याआधी एक कागद तयार करा. कितव्या वर्षी ताप आला, तेव्हा कोणकोणते हातपाय लुळे पडले होते (फक्त आज बारीक दिसतो तो नव्हे), गिळायला किंवा श्वासाला तेव्हा त्रास झाला होता का, कॅलिपर (पायाला आधार द्यायला बांधतात तो पट्ट्यांचा साचा) किती वर्षं वापरला, कोणती ऑपरेशनं झाली, सगळ्यात जास्त ताकद कोणत्या वयात होती. त्याखाली दोन वर्षांपूर्वी जमत होतं आणि आज जमत नाही असं काय, ते लिहा. ‘थकवा येतो’ असं मोघम लिहू नका. ‘२०२३ मध्ये एका दमात दोन मजले, आता दहा पायऱ्यांनंतर थांबते’ असं लिहा. असा कागद हातात आला की डॉक्टरला ‘वय झालं’ म्हणणं जड जातं. आणखी एक: या दुखण्याला आंतरराष्ट्रीय आजार-यादीत स्वतःचा क्रमांक आहे, जी १४. पोलिओच्या जुन्या परिणामांना बी ९१. डॉक्टरांना दोन्ही दाखवा, आणि निदान झालं तर केसपेपरवर लिहून घ्या. पुढे रजेला, दाखल्याला, शाळेच्या कार्यालयात त्याचा उपयोग होतो.

व्यायामाबद्दल लिहिताना मला आधी माझी चूक सांगावी लागेल. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक शिंपीकाका यायचे. एक पाय पोलिओचा, दुसऱ्याने पायमशीन चालवायचे. त्या पायाची ताकद कमी झाली म्हणून मी वाळूच्या पिशव्या बांधून व्यायाम दिला, आणि दर आठवड्याला वजन वाढवत गेले. ते कधी चुकले नाहीत. दुखतं म्हणाले तर मी म्हणायचे, काका, अजून थोडा जोर लावा. तीन महिन्यांनी त्यांना त्या पायाने दवाखान्याची पायरी चढता येईना. मी शिकले होते त्यात अशक्त स्नायूला काम द्या एवढंच होतं. आधीच लोडखाली वाकलेल्या स्नायूला काम वाढवलं तर तो मोडतो, हे मी त्यांच्या पायावर शिकले. मशीनला मोटर बसवल्यावर त्यांचं काम पुढे चालू राहिलं, पण गेलेली ताकद सगळी परत आली नाही. तेव्हापासून पोलिओचा जुना रुग्ण आला की पहिल्या दिवशी मी एकही व्यायाम देत नाही. दिवस कसा जातो ते ऐकते.

याचा अर्थ बिछान्यावर पडून राहायचं असाही नाही. आराम जास्त झाला तरी स्नायू ओसरतात. जो स्नायू स्वतःचं वजन उचलून वर थोडा विरोधही सहन करतो, त्याला हलका व्यायाम द्यायचा, दमछाक होण्याच्या खूप आधी थांबायचं, मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवायचा. जो स्नायू पायाचं वजनही उचलू शकत नाही त्याला ताकदीचा व्यायाम नको. सांधा आखडू नये म्हणून हळुवार हालचाल पुरे. कोमट पाण्याच्या तलावात उतरता आलं तर फार चांगलं. मी दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर जाते: कालच्या व्यायामाने किंवा चालण्याने आज उठताना पाय जड, दुखरा असेल, तर कालचं जास्त झालं. ताईंचं रोजचं चालणं या कसोटीला उतरत नाही. प्रत्यक्ष तपासणी होईपर्यंत ते थांबवा, असं मी तरी सांगेन.

हे ताईंना पटवणं सोपं जाणार नाही. पोलिओ झालेल्या मुलांना आपण वाढवलंच असं की जिद्द धर, इतरांपेक्षा दुप्पट कर, थकलीस असं म्हणू नकोस. त्या जिद्दीवरच त्यांनी डी.एड. केलं, नोकरी मिळवली, घर चालवलं. आता अचानक कुणी सांगायचं की थकण्याआधी बस. त्यांना ती हार वाटते. माझ्यासमोर रडलेले बहुतेक लोक दुखण्याने रडले नाहीत, या वाक्याने रडले. मी त्यांना महिन्याचा पगार आठवायला सांगते. पहिल्या आठवड्यात सगळा उडवला तर महिनाअखेरीला किराणा कशाने आणायचा? ताकदही तशीच वाटून खर्चायची असते, आणि ती कशावर खर्चायची हे ताईंनी ठरवायचं. फळ्यासमोर उभं राहून शिकवणं त्यांना प्रिय असेल तर ते राहू द्या. त्यासाठी कणीक खुर्चीत बसून मळा, ओट्याशी उंच स्टूल ठेवा, कपडे वाळत घालायचं काम दुसऱ्याकडे द्या, दुपारच्या सुट्टीत २० मिनिटं पाय वर करून पडू द्या. संडासात कमोड आणि भिंतीला पकडायला दांडी, या दोन गोष्टींनी पडणं खूप कमी होतं. पोलिओच्या पायाचं हाड ठिसूळ असतं, आणि पडून ते मोडलं तर प्लास्टरमधल्या सहा आठवड्यांत उरलीसुरली ताकदही जाते.

कॅलिपरचं नाव काढलं की लोक तोंड फिरवतात, आणि त्याचं कारण मला समजतं. लहानपणी लोखंडी पट्ट्यांचा, चामड्याच्या बुटाचा तो जड कॅलिपर मोठ्या कष्टाने सुटलेला असतो. पन्नाशीत तो पुन्हा घालणं म्हणजे मागे जाणं वाटतं. पण आता पॉलिप्रोपिलीनचे हलके कॅलिपर मिळतात, ते सलवारीखाली झाकून जातात. मांडीवर हात दाबून चालणाऱ्या माणसाचा गुडघा दर पावलाला मागे वाकतो, पाठ दर पावलाला वाकते. तो हात सुटला की पाठदुखी कमी होते आणि दुसऱ्या पायाचा भार उतरतो. फक्त घाईच्या शिबिरात, दहा मिनिटांत माप देऊन घेऊ नका. कॅलिपर दोन-तीनदा दुरुस्त करून बसवावा लागतो. शिबिर संपल्यावर तो टोचतो म्हणून कपाटावर जातो, असे कितीतरी मी पाहिलेत.

दोन गोष्टी धोक्याच्या आहेत. पहिली श्वासाची. सकाळी डोकं दुखत उठणं, रात्री दचकून जाग येणं, दिवसा पेंग, आडवं पडल्यावर दम लागणं, गिळताना ठसका, असं काही असेल तर वाट बघू नका. बसून आणि आडवं पडून अशी दोन्ही प्रकारे फुफ्फुसांची तपासणी करून घ्या. श्वासाचे स्नायू अशक्त असतील तर कित्येकदा बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणाऱ्या यंत्राची गरज असते. नुसता ऑक्सिजन लावला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून उलट धोका होऊ शकतो, म्हणून पोलिओची गोष्ट तातडीच्या विभागातही आधी सांगायची. दुसरी गोष्ट भुलीची. पोलिओ झालेल्या शरीरावर झोपेची आणि स्नायू सैल करणारी औषधं जास्त चढतात आणि उतरायला वेळ लागतो. दाताचं असो की मोतीबिंदूचं, कोणतंही ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञांना स्वतः भेटून सांगा. माझे रुग्ण एका ओळीची चिठ्ठी पाकिटात आधार कार्डामागे ठेवतात.

आता जायचं कुठे. नुसतं हाड किंवा नुसती नस न बघता सगळा माणूस बघणारी शाखा म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, दवाखान्यात तिला पीएमआर म्हणतात. मुंबईत हाजी अली इथे केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. डॉक्टर, फिजिओ आणि कॅलिपर बनवणारे ऑर्थोटिस्ट एकाच आवारात मिळतात. माझ्या मते ताईंना एकदा तिथे न्यावं. पुण्यात वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, तिथे नागरिकांचंही काम होतं. त्याआधी जवळच्या न्यूरोलॉजिस्टकडून दुसरी कारणं तपासून घेतली तर मुंबईची फेरी सार्थकी लागते. वरचेवर मुंबई गाठायची गरज नाही. तिथला सल्ला कागदावर घेऊन गावातल्या फिजिओने पुढे चालवायचा.

नोकरीचं दडपण तुम्ही लिहिलं नाही, पण २८ वर्षं नोकरी झालेल्या बाईच्या मनात ते असणारच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम २० ताईंना वाचून दाखवा. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याचा हुद्दा कमी करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं काम द्यावं लागतं. सोयीही मागता येतात. तळमजल्यावरचा वर्ग आणि बसून शिकवायला खुर्ची, एवढं मुख्याध्यापकांकडे लेखी मागा आणि पोच घ्या. अपंगत्वाच्या जुन्या दाखल्यावर बहुधा एकट्या उजव्या पायाची टक्केवारी असेल. आता डाव्याचीही ताकद कमी झाली असेल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पुन्हा तपासणी मागता येते. यूडीआयडी कार्डासाठीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. करवजावट आणि इतर सवलतींसाठी साधारणपणे ४० टक्क्यांची अट असते, म्हणून हा दाखला अद्ययावत असलेला बरा.

वाचायला इंग्रजीत पोस्ट-पोलिओ हेल्थ इंटरनॅशनल या अमेरिकन संस्थेचं आणि ब्रिटिश पोलिओ फेलोशिपचं साहित्य भरवशाचं आहे. ते तुम्ही वाचा आणि ताईंना मराठीत सांगा. दहा पानं एकदम नको, रोज एखादी गोष्ट. सोबत सावधही राहा. या दुखण्यावर ताकद परत आणणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही. स्टेम सेल, नस मोकळी करणारं तेल, ताकदीची महागडी इंजेक्शनं यांवर लोकांनी जमिनीचे तुकडे विकलेले मी पाहिलेत. बहुतेकांत हे फार सावकाश वाढतं, आणि भार वाटून घेतला तर कित्येकजण वर्षानुवर्षं आहे तिथेच टिकतात. एवढं खरं आश्वासन मी देऊ शकते.

आधाराचं म्हणाल तर तो फार दूर नसतो. माझ्याकडे येणाऱ्या पाच बायकांची एकमेकींशी गाठ दवाखान्याच्या बाकावर पडली. आता त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कुणाला चांगला बूट शिवणारा सापडला, कुणाच्या स्कूटरला साइडव्हील बसली, कुणी आज नुसती पडून राहिली, हे तिथे सांगतात. ‘मी आज काही केलं नाही’ हे लाज न वाटता सांगायची त्यांच्यासाठी ही पहिलीच जागा आहे. ताईंच्याच वयाचं, पोलिओ झालेलं माणूस शेजारच्या गावात नक्की असेल. शिक्षकांच्या ओळखी तालुकाभर असतात. त्यांनीच शोधलं तर अधिक चांगलं.

तपासणीला तुम्ही सोबत जा, पण बोलू ताईंना द्या. आणि डॉक्टरकडे जायचं म्हणून त्यांना नवी चप्पल घालायला लावू नका. रोजची, शाळेत जायची तीच पायात असू द्या. टाच कुठल्या बाजूने झिजलीय आणि अंगठ्याशी किती घासलीय, ते बघून पाऊल कसं पडतं ते निम्मं कळतं.